माजूर आणि मजूर

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर.)



मला दिलेला विषय 'रोजगार आणि तंत्रज्ञान' असा होता. तो इतका मोठा आहे की, अर्ध्या तासात त्यावर काहीही बोललं तरी चालतं, आणि म्हणूनच काही हाती लागत नाही. संयोजकांची परवानगी घेऊन मी त्यातला एकच तुकडा उचलला आहे. ज्या दिव्यांग तरुणाला किंवा तरुणीला सरकारचं अनुदान मिळतं, तिनं दिवसातले तीन-चार तास काम करायचं ठरवलं, तर तिच्या घराच्या हिशेबाचं काय होतं? हा प्रश्न बारीक वाटेल. पण आपली व्यवस्था कुणाला माणूस समजते आणि कुणाला ओझं, हे त्यातून नीट दिसतं.

आपल्या घरांमध्ये दिव्यांग माणसाला 'माजूर' म्हणतात. हा शब्द 'उज्र'वरून आला आहे. उज्र म्हणजे सबब, अडचण. माजूर म्हणजे ज्याची सबब मान्य झाली आहे तो. त्याला रोजा माफ, उभं राहून नमाज पढणं माफ. सवलत म्हणून हा विचार चांगला आहे. पण घरात आणि मोहल्ल्यात त्या शब्दाचा अर्थ हळूहळू पसरतो आणि माजूर म्हणजे ज्याच्याकडून कशाचीच अपेक्षा नाही असा माणूस होऊन बसतो. मराठीत 'माजूर' आणि 'मजूर' यांच्यात फक्त एका कान्याचा फरक आहे. सरकारी योजनेत मात्र या दोन शब्दांच्या मध्ये भिंत आहे. एक तर तुम्ही माजूर असा, नाही तर मजूर. दोन्ही एकाच वेळी असण्याची सोय नाही.

योजना काय म्हणते

आपल्या राज्यात दिव्यांगांना दरमहा पैसे देणारी मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. 1980 साली बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली. आपल्या समाजातून झालेले ते राज्याचे एकमेव मुख्यमंत्री, आणि त्यांच्या कारकिर्दीतली ही योजना आज पंचेचाळीस वर्षांनंतरही विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, गंभीर आजारी आणि दिव्यांग अशा लाखो घरांत चूल पेटवते. या योजनेवर मी टीका करणार आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

दिव्यांग व्यक्तीसाठी अटी साधारण अशा आहेत: वय 18 ते 65, किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत. इतर लाभार्थ्यांसाठी ही मर्यादा 21,000 आहे. अनुदान आधी सगळ्यांना महिना 1,500 रुपये होतं. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांसाठी ते 2,500 झालं. ही वाढ चांगलीच आहे. पण रक्कम वाढली आणि मर्यादा तिथंच राहिली. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली. अनुदान जितकं मोठं, तितकी ते गमावण्याची भीतीही मोठी.

50,000 रुपये म्हणजे किती? महिन्याला 4,166 रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. घरातल्या एका माणसानं वर्षात 161 दिवस मातीकाम केलं, की कुटुंब मर्यादेच्या बाहेर. बाकीचे 204 दिवस सगळ्यांनी हात बांधून बसायचं.

आता याच्या शेजारी इतर मर्यादा ठेवून बघा. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. तुमच्यातल्या ओबीसी मित्रांनी नॉन-क्रीमी लेयरचा दाखला काढला असेल, तिथं मर्यादा 8 लाखांची आहे. कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीमध्ये, महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार संरक्षणाला पात्र धरला जातो, आणि दिव्यांग कामगार असेल तर 25,000 पर्यंत. एका कायद्यात महिन्याला 21,000 मिळवणाऱ्याला आधाराची गरज आहे. दुसऱ्या योजनेत वर्षाला 21,000 हीच सीमा आहे. आकडा एकच, फरक बारा पटींचा.

एक हिशेब

माझ्या खालाचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. त्याचं नाव घेत नाही. त्याला स्नायूंचा आजार आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफी. चाकाच्या खुर्चीवर असतो. बी. कॉम. झालाय, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं लिहितो. हात चालतात, पण चार तासांनंतर बोटं थकतात आणि मग दुसऱ्या दिवशीच्या ताकदीतून उसनं घ्यावं लागतं. म्हणजे त्याला काम करता येतं, पण पूर्णवेळ करता येत नाही. हे त्याच्या आळसाचं मोजमाप नाही, त्याच्या स्नायूंचं आहे.

खालू वारल्यापासून खाला विड्या वळते. घरचा उत्पन्नाचा दाखला मर्यादेच्या आतला आहे, आणि मुलाला अनुदान मिळतं. मागं त्याला घरबसल्या व्हिडिओंचे मराठी मजकूर तपासण्याचं काम चालून आलं. दिवसाला चार तास, महिन्याला 6,000 रुपये. वर्षाचे 72,000. म्हणजे तो एकटाच मर्यादेच्या पलीकडे गेला. अनुदानाचे वर्षाचे 30,000 गेले. हातात पडणारी खरी वाढ 42,000.

तुम्ही म्हणाल, 42,000 तरी जास्तच आहेत ना? हो. पण याहून लहान काम असतं तर बघा. महिन्याला 4,200 रुपयांचं काम घेतलं तर वर्षाचे 50,400 होतात. बाकी कुणाचं एक पैशाचं उत्पन्न नाही असं धरलं, तरी चारशे रुपयांसाठी तीस हजार गेले. हातात राहिले 50,400. त्याऐवजी 4,100 चंच काम केलं असतं तर 49,200 अधिक 30,000, म्हणजे 79,200 मिळाले असते. महिन्याला शंभर रुपये जास्त कमावण्याची शिक्षा वर्षाला 28,800 रुपये. मी रोज प्रोग्रॅम लिहितो. असा कोड मी लिहून दिला तर तपासणारा सहकारी विचारेल, ही अट चुकून अशी लिहिली आहेस का?

खालाला मी हे सगळं मांडून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बेटा, ढाई हजार पक्के हैं. छे हजार का क्या भरोसा?"

तिला गणित कळलं नाही असं समजू नका. तिचं गणित माझ्यापेक्षा पुढचं होतं. ते काम तीन महिन्यांनी बंद पडलं असतं तर? मग पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा सेतू केंद्र, तलाठी, तहसील, आणि अर्ज मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीची वाट. अनुदान बंद व्हायला एक शेरा पुरतो, पुन्हा सुरू व्हायला किती महिने लागतील ते कुणी लिहून देत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला तहसीलच्या जिन्यापर्यंत नेणं म्हणजे रिक्षाचे पैसे, सोबत दोन माणसं आणि खालाची दिवसभराची विड्यांची मजुरी. मी पगाराची तुलना करत होतो, ती जोखमीची करत होती. मुलानं काम नाकारलं. ते दुसऱ्या कुणाला तरी मिळालं.

'दिव्यांगांना काम करायची इच्छाच नसते, फुकट मिळतंय ना' असं बोललं जातं तेव्हा मला हा हिशेब आठवतो. इच्छा असूनही शहाणा माणूस इथं नाहीच म्हणेल.

खोट्याची सक्ती

या कोंडीतून लोक एक तिसरी वाट काढतात. ती तुम्हाला माहीत आहे, कारण आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत ती चालते. काम करायचं, पैसे रोख घ्यायचे आणि दाखल्यात सांगायचं नाही. लेखी करार नाही, बँकेत पगार नाही, त्यामुळे पीएफ नाही, ईएसआयसी नाही, अनुभवाचं पत्र नाही. मालकाला हे सोयीचं असतं. यानं तक्रार केली तर अनुदान जाईल हे त्याला ठाऊक असतं. मग सहा हजारांचं काम चार हजारांत होतं.

उत्पन्न लपवा असा सल्ला मी कुणालाही देत नाही. पण ही गोष्ट केवळ नीतीची नाही, नागरिकत्वाची आहे. ज्याच्या दाखल्यात एक खोटी ओळ आहे तो माणूस तलाठ्यासमोर मान वर करून बोलू शकत नाही. वॉर्डात रॅम्प का नाही, हे तो विचारणार नाही. रेशन दुकानदारानं धान्य कमी मापलं तर गप्प बसेल. एक चुकीची मर्यादा गरिबाला खोटं बोलायला लावते आणि मग त्याच खोट्याच्या धाकावर त्याला गप्प ठेवते. आपण ज्या संविधानिक हक्कांच्या गप्पा मारतो, त्यांची गळती इथून सुरू होते.

'किंवा' की 'आणि'

संविधानाच्या कलम 41 मध्ये कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क, आणि बेकारी, म्हातारपण, आजार व अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क हे सगळं एकाच वाक्यात आहे. राज्यानं आपल्या आर्थिक ताकदीनुसार याची तरतूद करावी असं ते सांगतं. काम आणि साहाय्य शेजारी शेजारी. पण त्याच संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, राज्यांच्या यादीत नवव्या क्रमांकाला दिव्यांगांचा विषय येतो तो 'काम करण्यास असमर्थ' लोकांच्या जोडीनं. आपली योजना कलम 41 च्या नजरेनं न चालता त्या जोडीच्या नजरेनं चालते. तिचं नावच बघा, 'निराधार'. निराधार असल्याचं सिद्ध करा, मग आधार मिळेल. आणि काम मिळालं की तुम्ही निराधार नाही.

यात एक गोष्ट विसरली जाते. दिव्यांगत्वाचा स्वतःचा एक खर्च असतो. बसऐवजी रिक्षा. खुर्चीची दुरुस्ती. सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी. थॅलेसेमियाच्या रुग्णाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तो दिवस कामाचा नसतोच. माणूस कामाला लागला की हा खर्च कमी होत नाही, वाढतो. कारण आता रोज बाहेर पडायचं असतं.

सरकारला हे कळत नाही असं नाही. आयकर कायद्याच्या जुन्या कररचनेत कलम 80 यू खाली दिव्यांग करदात्याला 75,000 रुपयांची वजावट मिळत आली आहे, आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा अधिक असेल तर 1,25,000 ची. तिथं उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही. वर्षाला वीस लाख मिळवणारा माझ्यासारखा इंजिनिअर दिव्यांग असेल, तर त्याचा जादा खर्च सरकार मान्य करतं. विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलाचा तोच खर्च मात्र 50,000 च्या रेषेवर नाहीसा होतो. सवलत श्रीमंताला आणि संशय गरिबाला, हे काही कुणी ठरवून केलेलं नसेल. पण दोन्ही कागद शेजारी ठेवले की असंच दिसतं.

बाहेर काय करतात

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत गरीब दिव्यांगांसाठी एसएसआय नावाची योजना 1974 पासून आहे. 2025 मध्ये तिची एका व्यक्तीसाठीची कमाल रक्कम महिन्याला 967 डॉलर होती. तिथं कमाईतले पहिले 85 डॉलर मोजतच नाहीत, आणि त्यापुढच्या दर दोन डॉलरमागे मदत एक डॉलरनं कमी करतात. कुणी महिन्याला 500 डॉलर कमावले तर मदत 207 डॉलर 50 सेंटनी घटते आणि हातात एकूण 1,259 डॉलर 50 सेंट पडतात. काम केलं तर काही प्रमाणात तरी जास्त मिळतंच. तिथं कड्याऐवजी उतार आहे. शिवाय काम सुटलं तर पाच वर्षांच्या आत, नव्यानं सुरुवात न करता, जुनाच लाभ पुन्हा सुरू करण्याची विनंती करता येते. निर्णय होईपर्यंत काही महिने तात्पुरती मदतही मिळते.

तिथं सगळं छान आहे असं समजू नका. त्याच योजनेत एकट्या माणसाकडे 2,000 डॉलरपेक्षा जास्त बचत असली तर मदत बंद होते, आणि हा आकडा 1989 पासून हललेला नाही. ज्यांनी आधी नोकरी करून विमा भरला आहे त्यांच्यासाठी एसएसडीआय ही वेगळी योजना आहे. तिच्यात नऊ महिने काम करून बघायची मुभा आहे. पण त्यानंतर 2025 च्या नियमानं महिन्याला 1,620 डॉलरच्या वर कमाई गेली की, थोड्या सवलतीच्या महिन्यांनंतर, सगळा धनादेशच थांबतो. म्हणजे तिथंही खाला आहेत, आणि त्याही म्हणतात, पक्कं सोडून कच्च्यामागे जाऊ नकोस.

ब्रिटननं आणखी एक फरक केला आहे. तिथं पीआयपी नावाचा भत्ता फक्त दिव्यांगत्वाच्या जादा खर्चासाठी असतो. माणूस नोकरी करतो की नाही, किती कमावतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. उत्पन्न कमी असेल तर त्यासाठीची मदत वेगळी. खर्चाची भरपाई एका खिशात, पोटापाण्याचा आधार दुसऱ्या खिशात. त्यांच्याकडेही मूल्यांकनाच्या तक्रारी आहेत, पण निदान हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे ओळखले.

आपल्या परंपरेतली एक होडी

आपल्याला हा विचार परका वाटू नये. कुरआनच्या सूरह कहफमध्ये हजरत मूसांच्या प्रवासाची गोष्ट आहे. तिच्यात एका होडीचा उल्लेख येतो. होडीचे मालक समुद्रावर काम करणारे लोक आहेत, आणि तरी त्यांच्यासाठी शब्द वापरलाय तो 'मसाकीन', म्हणजे गरीब, मिस्कीन. त्यांच्याकडे साधन आहे, काम आहे, तरीही ते मिस्कीनच. फिकहच्या अभ्यासकांनी याच आयतीचा आधार घेऊन चर्चा केली की, कमाई असूनही ती पुरत नसेल तर माणूस मदतीला पात्र राहतो. हनफी फिकहमध्ये राहतं घर आणि पोट भरण्याची अवजारं जकातीच्या पात्रतेसाठी संपत्तीत मोजत नाहीत.

हे मी धर्माचा पुरावा म्हणून मांडत नाही. धोरण संविधानाच्या आधारावर व्हावं, याच मताचा मी आहे. पण मोहल्ल्यातल्या मदत कमिटीत 'तो तर कमावतो आता, त्याचं नाव काढा' असं कुणी म्हणालं, तर त्याला ही होडी आठवून द्या. जुन्या विद्वानांना जे कळलं होतं ते आपण एका वाक्यात खोडू नये.

शंका आणि मागण्या

पहिली शंका: बोगस प्रमाणपत्रांचं काय? ती पकडलीच पाहिजेत. पण तो प्रश्न वैद्यकीय तपासणीचा आहे, युडीआयडी कार्डाच्या प्रामाणिकपणाचा आहे. उत्पन्नाची मर्यादा खाली ठेवून बोगस माणूस सापडत नाही. त्याला खोटा दाखलाही मिळतो. सापडतो तो खरं सांगणारा.

दुसरी शंका: पैसा कुठून येणार? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले, पण त्यातले सगळे या योजनेत नाहीत आणि येणारही नाहीत. शिवाय जो आज भीतीनं काम करत नाही त्याला सरकार पूर्ण 2,500 देतच आहे. त्यानं काम सुरू केलं आणि अनुदान हळूहळू घटलं तर सरकारचा खर्च कमीच होईल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या कमाईतले पहिले काही रुपये मोजू नका. समजा महिन्याला 4,000. दोन, त्यापुढच्या दर दोन रुपयांमागे अनुदान एक रुपयानं कमी करा. या हिशेबानं 6,000 कमावणाऱ्याला 1,500 अनुदान राहील आणि हातात 7,500 पडतील. 9,000 ला अनुदान आपोआप शून्य होईल, कुणाचा धक्का न लागता. तीन, काम सुटलं तर पाच वर्षांपर्यंत जुन्याच कागदावर अनुदान पुन्हा सुरू करा. चार, घरातल्या इतरांच्या कमाईची मर्यादा निदान लाडकी बहीणच्या अडीच लाखांपर्यंत न्या.

यासाठी नवा कायदा लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016, याच्या कलम 24 मध्ये दिव्यांगांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद आहे आणि उत्पन्नाची मर्यादा ठरवण्याचं काम सरकारवर सोपवलेलं आहे. त्याच कलमानुसार दिव्यांगांना इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत मिळायला हवी. विधवांना आणि दिव्यांगांना दोघांनाही 1,500 मिळत होते तेव्हा ही तरतूद कागदावरच होती. 2,500 झाल्यावर ती पाळली गेली. म्हणजे मागून मिळतं. 2022 च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभागही स्थापन केला आहे. निवेदन कुठं द्यायचं हा प्रश्न आता उरलेला नाही.

आपण काय करायचं

सरकार बदलेपर्यंत हात बांधून बसायचं नाही. तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, बरोबर माहिती देणं. 'काम सुरू केलं की सगळंच जातं' ही अफवा आहे. उत्पन्नाला बांधलेलं आहे ते अनुदान. युडीआयडी कार्ड कमाईवर अवलंबून नाही. एसटीच्या भाड्यातली सवलत, सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, कामाच्या जागी वाजवी सोयी मिळण्याचा हक्क, हे कमावत्या दिव्यांगालाही आहेत. 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन हेही त्यात आहेत, हे कित्येक घरांना माहीतच नाही. तुमच्या मोहल्ल्यात महिन्यातला एक रविवार या अर्जांसाठी ठेवा. आधार, शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड यांवरची नावं आधी जुळवून घ्या. 'शेख', 'शैख' आणि 'शेक' या फरकावर आपले निम्मे अर्ज अडतात.

दुसरी, अर्धवेळ काम तयार करणं. हे माझ्यासारख्यांना उद्देशून आहे, जे कंपन्यांत आहेत. 2016 च्या कायद्यानुसार खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. तुमच्या एचआरला ते मागा. मग विचारा की, चार तासांचा करार का होऊ शकत नाही? माझ्या क्षेत्रात तो सहज होऊ शकतो. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा दिव्यांगांना वापरता येणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बँका, सरकारी संकेतस्थळं, अॅप, सगळं आता त्या कसोटीवर तपासून घ्यावं लागेल. स्क्रीन रीडर रोज वापरणारी अंध मुलगी एका तासात जे दोष शोधते ते मला आठवडाभरात दिसत नाहीत. हे दयेचं काम नाही, कौशल्याचं आहे, आणि त्याचा तासाचा दर असतो. तो पूर्ण द्या, बँकेत द्या, पत्रासह द्या.

तिसरी गोष्ट ही आजची माझी खरी सूचना. खालाची भीती काम सुटण्याची होती. ती भीती आपण विकत घेऊ शकतो. प्रत्येक शहरात आपण एक 'हमी निधी' उभा करू. कुणी दिव्यांग तरुण काम स्वीकारतो, नियमाप्रमाणे कळवतो आणि त्याचं अनुदान थांबतं. पुढं काम सुटलं, तर अनुदान पुन्हा सुरू होईपर्यंत, जास्तीत जास्त सहा महिने, निधी त्याला दरमहा 2,500 देईल. एका माणसाची कमाल जबाबदारी 15,000 रुपये. दहा जणांची दीड लाख. दहाही जणांचं काम एकदम सुटणार नाही, त्यामुळे प्रत्यक्षात लागतील ते याहून कमी. या सभागृहात नोकरी करणारे चाळीस जण तरी असतील. प्रत्येकानं महिन्याला 300 रुपये दिले तर वर्षाला 1,44,000 जमतात. जकातीचे पैसे यात घ्यायचे नाहीत, म्हणजे तो कुणाला द्यायचा यावर वाद नको. साधी वर्गणी घ्यायची. आणि निधी धर्म विचारणार नाही. जिना सगळ्यांना सारखाच चढता येत नाही.

हा निधी कायमचा नको. तो चालवताना आपल्याकडे नोंदी जमतील: किती जणांनी काम घेतलं, कुणाचं सुटलं, अनुदान परत सुरू व्हायला किती दिवस लागले. दोन वर्षांनी त्या नोंदी घेऊन आपण दिव्यांग कल्याण विभागाच्या दारात जाऊ आणि सांगू की, जे काम आम्ही महिना तीनशे रुपयांच्या वर्गणीत केलं ते तुम्ही एका शासन निर्णयानं करू शकता.

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवतो आहे. तिच्यात दोन रकाने आहेत. एकात वर्गणी देणाऱ्यांची नावं लिहा. दुसऱ्यात तुमच्या ओळखीतल्या अशा एका तरुणाचं किंवा तरुणीचं शिक्षण, तिला दिवसाला किती तास जमतात आणि काय येतं, एवढंच लिहा. काय येत नाही ते लिहायला रकाना ठेवलेला नाही. त्याचे फॉर्म सरकारकडे भरपूर आहेत.

जय संविधान.